नाट्य-अभिनेत्रीच्या उतरत्या वयावर लघुपट करतोय. ४८ वर्षांच्या अभिनेत्रीचं वय मेकअपने कसं दाखवायचं?

तुम्ही ठाण्यात वीस मिनिटांचा लघुपट करताय, नायिकेच्या हातून भूमिका निसटताहेत, आणि तिला सुरकुत्या काढाव्यात का, मेकअपरूम कशी उभारावी, असं विचारलंय.

सुरकुत्या अजिबात काढू नका. रंगवलेली सुरकुती दहाव्या रांगेतून खरी वाटते, क्लोजअपमध्ये मात्र ती पेन्सिलची रेघ दिसते. शिवाय ही बाई वय लपवतेय, मग लपवणंच दाखवा. अमेरिकन दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटीसच्या १९७७ सालच्या ‘ओपनिंग नाइट’ या चित्रपटात जीना रोलंड्सने केलेली नाट्य-अभिनेत्री मर्टल आपलं वय सांगायचंच टाळते. चित्रपटातलं अर्धं नाट्य त्या टाळण्यातच आहे.

तिला नाटकाचाच मेकअप करा: पॅनस्टिकचा (कांडीच्या रूपातल्या घट्ट रंगाचा) बेस, वर पावडर, आणि डोळ्यांखाली पावडरचा हात जरा जास्त. आधी मॉइश्चरायझर लावू नका, कोरड्या त्वचेवर बेस लवकर फुटतो. मग तिला अर्धा तास बोलू द्या, हसू द्या. डोळ्यांच्या कोपऱ्यात त्वचा सतत मुडपते, तिथला रंग रेषांमध्ये गोळा होतो आणि ज्या रेषा झाकायच्या त्याच ठळक होतात. क्लोजअप तेव्हा घ्या. मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत हे जमणार नाही. घामाने बेस ओघळतो आणि मग ती म्हातारी नाही, नुसती दमलेली दिसते.

आता प्रकाश, माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. आरशाभोवतीच्या बल्बचा उजेड चेहऱ्यावर समोरून आणि दोन्ही बाजूंनी पडतो, सुरकुतीत सावली उरतच नाही. तेच बल्ब घालवून छतावरची एकच ट्यूब ठेवली, की डोळ्यांखालच्या पिशव्या आणि ओठांच्या कडेच्या घड्या क्षणात खोल होतात. एका शॉटमध्ये, कट न करता, तिलाच बल्बचं बटण बंद करू द्या. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कुठल्या उजेडात पांढरा दिसावा ते ठरवणारं सेटिंग) ३२०० केल्विनवर पक्का ठेवा, म्हणजे ६५०० ची ट्यूब आपोआप निळसर पडेल. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद; आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने चित्रात पट्टे येण्याची शक्यता कमी होते. एलईडी बल्बना साधा डिमर लावू नका, फ्लिकर (उजेडाची लुकलुक) हमखास येतो. उजेड कमी हवा तर ९ वॉटऐवजी ३ वॉटचे बल्ब घाला.

खोली मात्र खरीच हवी असा हट्ट नको. गडकरी रंगायतन बाहेरून, मासुंदा तलावाच्या काठावरून, तिन्हीसांजेला टिपा. आतली मेकअपरूम कळव्यात किंवा ऐरोलीत एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये उभी राहते: तीन बाय दोन फुटांचा आरसा, प्लायची चौकट, आठ होल्डर. कॅमेरा आरशासमोर सरळ न ठेवता बाजूला तिरका ठेवा, ट्रायपॉडवर काळं कापड टाका, कॅमेरामनलाही काळा टीशर्ट द्या, म्हणजे आरशात ते दिसणार नाहीत.

वय चेहऱ्यापेक्षा हालचालीत लवकर कळतं. संहिता वाचताना ती कागद हातभर लांब धरेल. चष्मा पर्समध्येच असेल, पण कुणी आत आलं की पर्स बंद. खालच्या बैठकीवरून उठताना हात आधार शोधेल. एक दिवस नेपथ्यवाला काहीही न बोलता नाटकातल्या पलंगाच्या पायांखाली चार इंचांचे ठोकळे सरकवतो, आणि तिच्या ते लक्षात येतं. त्यावर संवाद लिहू नका.

मेकअप उतरवण्याचा शॉट दिवसाच्या शेवटी ठेवा. खोबरेल तेलाने कापूस भिजवून आधी अर्धाच चेहरा पुसायला सांगा. दुसऱ्या टेकसाठी पुन्हा रंगवून पुन्हा घासलं की गाल लाल होतात आणि आधीच्या शॉटशी जुळत नाहीत. म्हणून दोन कॅमेरे लावा, एक चेहऱ्यावर आणि दुसरा कापसावर.