पूरसंरक्षणाचा खर्च सरकारनेच करायचा की स्थानिक लोकांनीही वाटा उचलायचा?

दोघांनीही, पण समसमान नाही. नदी कुणा एका गावाची नसते. वरच्यांनी भिंत बांधली की पाणी खालच्यांच्या दारात जातं. म्हणून मोठा वाटा सरकारचाच हवा. नेदरलँड्समध्ये मुख्य बांधांच्या मजबुतीकरणाचा निम्मा खर्च सरकार देतं, ४० टक्के सगळी जलमंडळं (पाणी आणि बांध सांभाळणाऱ्या तिथल्या स्थानिक संस्था) मिळून आणि ज्याच्या हद्दीत काम आहे ते मंडळ १० टक्के. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते. खिशातले थोडे तरी पैसे जाणार म्हटल्यावर कुणी उगाच उंच भिंत मागत नाही.

इंग्लंडने २०११ मध्ये वेगळी वाट धरली: किती घरं वाचतील, किती नुकसान टळेल या हिशेबाने अनुदान, उरलेलं तुम्ही उभं करा. गोम इथेच आहे. पैसेवाली वस्ती वर्गणी काढून मोकळी होते, गरीब वस्ती ताटकळते. (गरीब वस्त्यांना अनुदानात झुकतं माप ठेवलं होतं, हेही खरं.)

आणि वाटा म्हणजे रोकडच असं थोडंच आहे? बांधातली घुशींची बिळं बुजवणं, झडपेत अडकलेला पालापाचोळा काढणं, ही कामं शेजारी राहणाराच वेळेवर करतो.