फासा पडला नाही म्हणून मोहीम अडावी का?

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून कथा रंगवण्याचा खेळ खेळतो आणि गेम मास्टर, म्हणजे कथा रचणारा व निवाडा देणारा, मी असतो. या वेळची मोहीम मी देवगिरीच्या किल्ल्यावर रचली. अंधारीतला (किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतला) चोरदरवाजा शोधण्यासाठी एकाने फासा टाकला, दान पडले नाही, दुसरी संधी मी दिली नाही आणि सगळे तासभर तिथेच घुटमळत राहिले. शिवाय एक मित्र नियमांवरून सतत हुज्जत घालतो. काय करावे?
— एक वाचक, परभणी

उत्तर : बहुतेक नव्या गेम मास्टरांचे घोडे इथेच पेंड खाते. ज्या गोष्टीवाचून कथा पुढे सरकणारच नाही, ती मिळेल की नाही हे फाशावर सोपवू नये. ती मिळवताना काय गमवावे लागले, एवढेच फाशाने ठरवावे. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत १५ ही काठिण्यपातळी, म्हणजे दान आणि भर मिळून गाठायचा आकडा, मध्यम मानली जाते. परंतु खेळाडूला त्याच्या पात्राच्या कौशल्यामुळे २ गुणांची भर मिळत असली तरी वीस बाजूंच्या फाशावर किमान १३ पडावे लागतात, म्हणजे यशाची शक्यता अवघी ४० टक्के. चौघांनाही फासा टाकू दिला तर ती ८७ टक्क्यांवर जाते खरी, पण मग फासा टाकण्यात गंमत उरत नाही. त्यापेक्षा दरवाजा सापडू द्यावा, आणि दान कमी पडल्यास मशाल विझावी किंवा दगड सरकल्याचा आवाज पहारेकऱ्यांच्या कानी जावा.

खंदक, तासलेला कडा आणि अंधारी अशी त्या किल्ल्याची रचनाच मुळी आत शिरणाऱ्याची कोंडी करण्यासाठी आहे, तेव्हा तुमचे खेळाडू अडकले यात नवल नाही. म्हणूनच महत्त्वाच्या प्रत्येक रहस्याकडे नेणारे किमान तीन दुवे पेरून ठेवावेत. अलाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये देवगिरीला वेढा घातला, तेव्हा धान्याची म्हणून गडावर नेलेली पोती मिठाची निघाली, असे सांगतात. हेच तुमच्या मोहिमेचे रहस्य असेल, तर कोठारात एकही उंदीर दिसू नये, बाहेर बांधलेली शेळी पोत्याची शिवण चाटत उभी असावी, आणि खांद्यावरची जखम झोंबते म्हणून एखादा हमाल कण्हत बसलेला असावा. यांपैकी कशालाही फासा लागत नाही. खेळाडूंनी विचारले की सांगून टाकावे. तिन्ही दुवे हुकतील अशी मंडळी क्वचितच भेटते.

हुज्जतीचे म्हणाल, तर खेळ चालू असताना गेम मास्टरचा निर्णय अंतिम आणि चर्चा खेळ संपल्यावर, हे आधीच ठरवून घ्यावे. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. ते त्या मित्राच्या मोबाइलवर ठेवून नियम शोधण्याचे काम त्यालाच द्यावे. हुज्जत घालणाऱ्यांना असे काम बहुधा आवडते.