राक्षसाचा पिक्चर मिळाला म्हणून तोंड पाडून बसू नकोस

अगं पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. इतकी वर्षं असिस्टंट म्हणून घासल्यावर शेवटी स्वतःच्या नावावर काम आलं तर तेही 'असलं', म्हणजे दलदलीतून निघणारा प्राणी आणि पळणारं गाव, आणि तुझ्याच बरोबरीचा मुलगा मात्र फेस्टिव्हलवाली फिल्म करतोय. घेऊ की नको विचारतेस. घे. पण का घे ते सांगायला मला इशिरो होंडा लागणार (गाडीवाला नव्हे, तो वेगळा), त्यामुळे पत्र लांबणार, चहा घेऊन बस.

1954 चा पहिला गॉडझिला, म्हणजे समुद्रातून येऊन शहर तुडवणाऱ्या राक्षसाचा जपानी पिक्चर, या माणसाने केला. जन्म 1911 चा, यामागाता भागातल्या खेड्यातला, वडील बौद्ध मंदिरातले भिक्खू. 1933 ला पीसीएल नावाच्या स्टुडिओत चिकटला, तोच पुढे तोहो झाला. तिथे काजिरो यामामोतो या डिरेक्टरच्या हाताखाली असिस्टंट, आणि त्याच यामामोतोच्या हाताखाली तीन वर्षांनी आलेला ज्युनियर कोण तर अकिरा कुरोसावा. दोघांची दोस्ती जन्मभराची. पण होंडाला लष्कराचं बोलावणं आलं, एकदा नाही तीनदा, उमेदीची कितीतरी वर्षं चीनमध्ये गेली, आणि कुरोसावाला सैन्यात घेतलंच नाही, त्यामुळे तो 1943 ला डिरेक्टर होऊन मोकळा. होंडा 1946 ला चीनमधल्या युद्धकैदेतून सुटून घरी येताना हिरोशिमावरून आला, तिथे काय उरलं होतं ते डोळ्यांनी बघितलं. आणि परत असिस्टंट! 1949 ला कुरोसावाच्याच 'स्ट्रे डॉग'वर चीफ असिस्टंट, टोकियोच्या काळ्या बाजारात कॅमेरा घेऊन हिंडायचं काम त्याच्याकडे, वर हिरो मिफुनेच्या चालणाऱ्या पायांचा शॉट लागला तर त्याच्या जागीही हाच उभा. पहिली फीचर फिल्म 1951 ला, वय चाळीस. त्याच वर्षी ज्युनियरच्या 'राशोमोन'ला व्हेनिस फेस्टिव्हलचा सुवर्ण सिंह, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस. आता तुझ्या त्या मुलाच्या फेस्टिव्हलबद्दल परत एकदा सांग मला.

पण मुद्दा हा नाहीये. मुद्दा आहे 1954 चा. तोमोयुकी तानाका या प्रोड्यूसरचा इंडोनेशियातला एक मोठा प्रोजेक्ट फिसकटला, तारखा मोकळ्या, हातात काही नाही, म्हणून समुद्रातून येणाऱ्या राक्षसाची आयडिया. म्हणजे तुझ्यासारखंच, गॅप भरायला आलेलं काम. त्याच वर्षी 1 मार्चला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि राख पडली एका जपानी मासेमारी बोटीवर, 'फुकुर्यू मारू', माणसं 23. त्यांचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये गेला आणि पिक्चर लागला 3 नोव्हेंबरला. होंडाने काय केलं, तर ही बातमी राक्षसाच्या मागे डेकोरेशन म्हणून नाही लावली, पिक्चर सुरूच होतो बोट जळण्यापासून आणि कंपनीच्या ऑफिसात माहिती मागायला जमलेल्या घरच्यांपासून. युनिटला त्याने आधीच सांगून टाकलं होतं म्हणतात, की स्क्रिप्ट वाचून ज्याला पटत नसेल त्याने आत्ताच बाजूला व्हावं. तुझ्या सेटवर पहिल्या दिवशी कोणीतरी रबरी शेपटीवर जोक मारणारच आहे, तेव्हा तू काय करणार ते आत्ताच ठरव. तू हसलीस की संपलं.

पिक्चरमधलं बेटावरचं गाव त्याने शूट केलं तोबाजवळ, इसे-शिमाच्या किनाऱ्यावर. हा भाग त्याला पाठ होता, कारण आधी तिथे त्याने एक डॉक्युमेंटरी केलेली आणि पहिली फीचरही तिथल्या पाण्यात डुबक्या मारणाऱ्या बायकांवरच. म्हणून ते कोळी खोटे वाटत नाहीत. आणि राक्षस पहिल्यांदा नीट दिसतो तो कसा बघ: वीसेक मिनिटं नुसती वादळातली मोडलेली घरं, पावलाचा खड्डा, त्यात किरणोत्सर्ग, मग गाव सगळं टेकडी चढतंय आणि कड्याच्या पलीकडून फक्त डोकं वर येतं. बस. लगेच सगळे उलटे पळत खाली.

आता तुझा खरा प्रॉब्लेम, जो तू मेसेजच्या शेवटी एका ओळीत लिहिलायस, की 'व्हीएफएक्सवाले (राक्षस बनवणारे इफेक्ट्सचे लोक) वेगळे आहेत, मग माझं काय उरतं?' होंडाचंही हेच होतं बघ. राक्षस, मिनिएचर, आग हे सगळं स्पेशल इफेक्ट्सवाल्या एइजी त्सुबुरायाच्या युनिटकडे. राक्षस म्हणजे रबरी सूट घातलेला माणूस; पहिला सूट शंभरेक किलोचा झाला, आत माणसाला धड चालता येईना, मग हलका केला. मॉडेलच्या गल्लीत त्या सूटमधल्या माणसाला वजनदार दिसवायचं तर कॅमेरा जास्त स्पीडने चालवायचा, म्हणजे पडद्यावर तो सावकाश चालतो आणि भिंतही सावकाश ढासळते. हे त्सुबुरायाचं. होंडाकडे काय, तर माणसं. रिकाम्या आकाशाकडे बघणारी माणसं. पण बिल्डिंगखाली पोरांना कवटाळून बसलेली ती बाई, आता आपण बाबांकडे जाणार म्हणून पोरांना सांगणारी, तिच्या फ्रेममध्ये राक्षस नाहीये आणि सगळ्यात भीती तिथेच वाटते, मला तरी. दुसऱ्या दिवशीचं हॉस्पिटल, लहान मुलाजवळ धरलेला गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, तेही तसंच.

दोन युनिट जुळायची तर आधी प्रत्येक शॉट कागदावर काढून ठरवायचा, आणि ते दोघं लोकेशनही एकत्र बघत. टोकियोच्या गिंझा भागातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर उभे राहून कुठली बिल्डिंग पाडायची, आग कुठून लावायची यावर इतक्या जोरात चर्चा चालली होती की कोणाला तरी संशय आला आणि सिक्युरिटीने अडवलं. तूही तुझ्या व्हीएफएक्स सुपरवायझरला पकडून लोकेशनवर ने. नुसत्या ईमेलवर ठेवलंस तर अर्धे नट डावीकडे बघतील, प्राणी येईल उजवीकडून.

धोकाही सांगते. पिक्चर तुफान चालला आणि होंडाला मग असलेच राक्षसांचे पिक्चर मिळत गेले, रोदान, मोथ्रा, 1962 ला किंग काँगशी कुस्ती, आणि हळूहळू राक्षस पोरांचा लाडका झाला. 'मातांगो' सारखी विचित्र, कडवट फिल्म मधे करून गेला तो, पण स्टुडिओला हवी होती मारामारी. 1970 ला त्सुबुराया गेला, 1975 च्या मेकागॉडझिलानंतर होंडाने डिरेक्शन सोडलं. मग कुरोसावाने हाक मारली आणि हा सत्तरीच्या तोंडावर 'कागेमुशा'च्या सेटवर, परत मित्राच्या बाजूला, 1993 ला जाईपर्यंत पाच फिल्म्स. लोक याला 'शेवटी परत असिस्टंटच' म्हणतात. मला नाही पटत ते. पण तोच तोच राक्षस तुझ्या गळ्यात पडायला नको, म्हणून कॉन्ट्रॅक्टमध्ये पुढच्या दोन भागांचं बंधन असेल तर ते आधी काढून घे, बाकी पैशावर फार ताणू नकोस.

आणि पिक्चर बघताना मूळ जपानी, 96 मिनिटांचा बघ. 1956 चा अमेरिकन कट नको, त्यात रेमंड बर नावाचा नट पत्रकार म्हणून मधेच घुसवलाय. एकदा आवाज बंद करून बघ आणि टेकडीच्या सीनमध्ये कॅमेरा किती उंचीवर आहे, कोण कुठे बघतंय ते शॉटवार लिहून काढ. वही घेऊन शनिवारी घरी ये, प्रोड्यूसरला काय विचारायचं ते तेव्हा बसून काढू. जेवायलाच ये.

तुझी,
ताई