साडी दारात नेऊन बघतात तसं

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मॉनिटरचे रंग जुळवायचं ते यंत्र, कॅलिब्रेटर, घ्यावं की नको असं विचारलंस. बेळगावातल्या वडगावच्या मागावरच्या साड्यांचे फोटो काढतेस, लगीनसराईत अल्बमही करतेस. म्हणजे रंगावरच तुझं पोट. तेव्हा माझं उत्तर 'घे' असंच आहे. फक्त लगेच नको, आणि एकटीनं नको.

माझंच सांगतो. खानापूरकडच्या एका लग्नाचा अल्बम करत होतो. लग्न मे महिन्यातलं, पण फोटो करायला बसलो तेव्हा पाऊस लागला होता. आपल्याकडचा जुलै तुला ठाऊक आहे, दुपारी दोनलाही दिवा लावावा लागतो. त्या अंधाऱ्या खोलीत मॉनिटरचा ब्राइटनेस खोक्यातून निघाला तसाच, पूर्ण. फोटो फार उजळ वाटले म्हणून मी एकेक करून गडद करत गेलो. अल्बम छापून आला तर मांडवातले चेहरे काळवंडलेले आणि मोरपंखी शालू चक्क निळा. नवरीची आई काही बोलली नाही. त्या शालूवर बोट ठेवून नुसती थांबली. अल्बम मी माझ्या पैशानं पुन्हा छापून दिला, पण ते बोट अजून डोळ्यांसमोर आहे. छपाई करणाऱ्या लॅबची काही चूक नव्हती.

त्यातली निम्मी चूक यंत्र नसतानाही टळली असती. मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला 250-300 कँडेला प्रति चौरस मीटर इतका उजेड फेकतो. छपाईच्या कामाला 80 ते 120 पुरे होतो. आजच एक कर. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघड, शेजारी खोलीतल्या उजेडात पांढरा कागद धर. स्क्रीन दिव्यासारखी भासली तर ब्राइटनेस कमी करत जा, दोन्ही पांढरे एकमेकांच्या जवळ येईपर्यंत. स्क्रीन पिवळसर करणारी नाइट लाइट आणि आपोआप उजेड बदलणारी सेटिंग बंद ठेव.

मग भिंत. तुझ्या खोलीचा रंग पोपटी आहे ना? त्या रंगात दिवसभर बसलं की डोळा हिरव्याला सरावतो आणि स्क्रीनवरचा राखाडी त्याला गुलाबीसर वाटायला लागतो. तू मग नकळत हिरवा वाढवतेस. मॉनिटरच्या मागे साधं राखाडी कापड टांग आणि खिडकीचा उजेड काचेवर पडू देऊ नकोस.

आता मॉनिटर. मान थोडी खाली-वर केली की तुझ्या स्क्रीनवरचा रंग बदलतो, हे मी मागे आलो होतो तेव्हा पाहिलं. यंत्र त्या स्क्रीनला खरं बोलायला शिकवेल, पण तिच्यात नसलेला रंग आणून देणार नाही. स्क्रीन किती रंग दाखवू शकते याची मापं असतात, एनटीएससी हे जुनं आणि एसआरजीबी हे आजचं. स्वस्त पॅनेलच्या माहितीत '45 टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम 60-65 टक्के रंग. एसआरजीबी हे 1996 चं माप, आणि वेब, फोन, बहुतेक लॅब आजही त्यावरच चालतात. म्हणून पहिला पैसा शंभर टक्के एसआरजीबी दाखवणाऱ्या आयपीएस मॉनिटरवर घाल, त्या प्रकारच्या स्क्रीनवर मान हलवली तरी रंग फारसा बदलत नाही.

साड्यांच्या बाबतीत आणखी एक. दुकानात आपल्या बायका साडी पसंत करायच्या आधी दारात नेऊन उजेडात बघतात. ट्यूबखाली जांभळी दिसणारी साडी बाहेर वांगी रंगाची निघते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तू मात्र स्वस्त एलईडीखाली फोटो काढतेस आणि रंग मॉनिटरवर शोधतेस. तिथे चुकलेला रंग कॅलिब्रेटर परत आणू शकत नाही. साडीजवळ ग्रे कार्ड, म्हणजे नेमक्या राखाडी रंगाचं कार्ड, ठेवून पहिला फोटो घे, त्यावरून बाकीच्या फोटोंचा रंग जुळवता येतो. जमलं तर 24 चौकोनांचा कलर चार्ट घे, तुझ्या कामात तो यंत्राइतकाच उपयोगी पडेल.

एवढं झालं की मग यंत्र. मॉनिटर अर्धा तास चालू राहू दे, यंत्र काचेला सपाट टेकव. सॉफ्टवेअर लाल, हिरवे, निळे, राखाडी चौकोन दाखवतं, यंत्र प्रत्येकाचा खरा उजेड मोजतं आणि त्या फरकावरून प्रोफाइल, म्हणजे स्क्रीनचे रंग दुरुस्त करणारी फाइल, बनतं. सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्याची छटा 6500 केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ-गडद दिसाव्यात ते) 2.2, उजेड 100 कँडेलाच्या आसपास ठेव. नंतर मॉनिटरच्या बटणांना हात लावू नकोस. काम महिन्यातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटांचं. उरलेला महिना यंत्र खोक्यात पडून असतं, म्हणून म्हणतो एकटीनं घेऊ नकोस. पाच आकडी रक्कम आहे. शहापूर-टिळकवाडीतले तुझ्या ओळखीचे तिघं-चौघं मिळून स्पायडर किंवा कॅलिब्राइट कंपनीचं यंत्र घ्या आणि आळीपाळीनं वापरा. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फार जुनं सेकंडहँड घेऊ नकोस, काही जुन्या मॉडेलांतले रंग मोजणारे फिल्टर दमट हवेत खराब होतात. आपल्या पावसात सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा.

गिऱ्हाइकांच्या फोनवर रंग वेगळाच दिसणार मग काय उपयोग, असं तू विचारशील. फोन तुझ्या हातात नाहीत, खरं आहे. पण तुझी स्क्रीन निळ्याकडे झुकलेली असली तर तुझी चूक प्रत्येक फोनवर जाते, वर त्या फोनची आपली वेगळी. निदान तुझा वाटा तरी काढून टाक.

या आठवड्यात एकाच साडीचा फोटो लॅबला पाठवून 4 बाय 6 ची प्रिंट मागव. 'रंग दुरुस्त करू नका' असं सांगायला विसरू नकोस. प्रिंट आली की ती आणि साडी घेऊन दारात उभी राहा, आणि काय दिसलं ते मला कळव.

तुझा,
काका