जुन्या काँक्रीटवर रेझिन-बाउंड ड्राइव्हवे केला, तर पाणी जमिनीत मुरते का?

इंग्लंडमधील खेड्यातल्या आपल्या घरासमोरच्या जुन्या काँक्रीटवरच रेझिन-बाउंडचा (रेझिन म्हणजे चिकट राळ; तिच्यात खडी कालवून पसरलेला) थर देतो, असे ठेकेदार म्हणतो आणि तसे केल्यास पाणी मुरेल का, असे आपण विचारले आहे. मुरणार नाही. वरचा थर जेमतेम १५ ते १८ मिलिमीटरचा असतो. त्यातून पाणी सहज उतरते, पण खाली काँक्रीट असल्यास ते तिथेच अडते, उताराच्या बाजूने रस्त्यावर येते आणि थंडीत थराखाली गोठून त्याला भेगा पाडू शकते.

मी पाच वर्षांपूर्वी आमच्या घरी हे काम करून घेतले, तेव्हा जुने काँक्रीट उखडण्याचा खर्च फार जड वाटला होता; तरीही तो केला याचे आज समाधान आहे. तळाशी बारीक कच काढलेल्या खडीचा जाड थर, त्यावर सच्छिद्र डांबरी थर आणि शेवटी रेझिन, असा क्रम हवा. आमच्याप्रमाणे आपल्याकडेही चिकणमाती असेल, तर पाणी सावकाश मुरते, म्हणून खडीचा थर अधिक खोल घ्यावा लागतो. ठेकेदाराला सर्वांत आधी या खोलीविषयी विचारा, रंगांचे नमुने नंतर पाहा.

२००७ च्या उन्हाळ्यातील पुरांनंतर, १ ऑक्टोबर २००८ पासून, घराच्या पुढील अंगणात ५ चौरस मीटरपेक्षा अधिक जागेवर पाणी न झिरपणारी फरसबंदी करून ते पाणी रस्त्याकडे सोडायचे असेल, तर नियोजन परवानगी लागते. काँक्रीट ठेवायचेच असेल, तर पाणी आपल्याच आवारातील वाफ्याकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवावे. घर वारसा यादीत असल्यास कौन्सिलला (स्थानिक प्रशासनाला) आधी विचारलेलेच बरे.

रेझिन अतिनील किरणांना टिकणारे आहे, हे लेखी घ्या. साधे रेझिन उन्हाने पिवळे पडते. खडी आणि तळ दोन्ही कोरडे हवेत, कारण ओलाव्याने रेझिन पांढरट होते, म्हणून पावसाची चिन्हे असताना घाई करू देऊ नका. ‘रेझिन-बाँडेड’ हा निराळा प्रकार आहे: त्यात रेझिन आधी पसरून वर खडी टाकतात आणि त्यातून पाणी झिरपत नाही. अंदाजपत्रकातील तो एक शब्द नीट वाचा.

छिद्रांत माती आणि शेवाळ साचते. आम्ही वर्षातून एकदा पाण्याच्या झोताने धुतो आणि पानगळीत आठवड्याला झाडतो.