वाचकांचे प्रश्न : दुकानातच मेल सर्व्हर ठेवला तर?

प्रश्न : ताई, नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. थोडी पावडर परराज्यात आणि दुबईलाही जाते. माणसं नऊ. आजवर एकाच जीमेलवर सगळं भागलं, पण दुबईची पार्टी म्हणते की कंपनीच्या नावाचा ई-मेल पाहिजे. सर्व्हिस घ्यायची तर माणशी दरमहा पैसे. थोरला मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, "पप्पा, जुना कॉम्प्युटर पडूनच आहे, त्यावर लिनक्स टाकतो. आपला स्वतःचा मेल सर्व्हर, एकदम फुकट." करू द्यावं का?
— एक अडते, मार्केट यार्ड, सांगली

उत्तर : मुलाला जरूर करू द्या. फक्त दुकानाच्या मेलवर नको. दोन-चारशे रुपयांचं वेगळं डोमेन, म्हणजे ई-मेल पत्त्यातलं @ च्या पुढचं नाव, घेऊन द्या आणि त्यावर काय घालायचा तो गोंधळ घालू दे म्हणावं. पोरगं त्यात जे शिकेल ते कॉलेजात शिकवत नाहीत.

आता तुमचं. तुमच्या पत्रात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि ती माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात येणाऱ्या दहातल्या आठ जणांची होते. कंपनीच्या नावाचा पत्ता पाहिजे म्हणजे डोमेन पाहिजे. सर्व्हर स्वतःचा असण्याशी त्याचा संबंध नाही. डोमेन ही जागा, सर्व्हर हे त्यावरचं गोडाऊन. जागा स्वतःच्याच नावावर हवी, गोडाऊन भाड्याचं चालतं. पटलं नाही तर एम-एक्स नावाची एक नोंद बदलायची, की मेल दुसऱ्या गोडाऊनला उतरायला लागतात. पत्ता तोच, दुबईच्या पार्टीला कळतही नाही.

म्हणून डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. वेबसाइट करून देणारा मुलगा "मी घेतो की काका" म्हणतो आणि स्वतःच्या मेलवर डोमेन घेतो. पुढं तो बेंगळुरूला नोकरीला जातो. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या मेलवर जात राहतात, आणि एक दिवस वेबसाइटही नाही, मेलही नाही. असं एक डोमेन सोडवायला माझे सव्वा दोन महिने गेले आहेत. डोमेनच्या खात्याला तुमचा मोबाइल, तुमचा मेल, आणि तो मेल त्याच डोमेनवरचा नको. कुलूप लावून किल्ली आतच ठेवल्यासारखं होतं ते.

आता जुन्या कॉम्प्युटरचं. मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि आलेला मेल वाचायला देणारं डव्हकॉट ही दोन सॉफ्टवेअरं खरंच फुकट आहेत, उत्तम आहेत, आणि तुमचा मुलगा ती रविवारच्या एका दुपारीत बसवेल. संध्याकाळी तुम्हाला मेल येईलसुद्धा. येणारा मेल घेणं सोपं असतं. अवघड आहे ते आपला मेल दुसऱ्यानं घेणं.

तुम्ही अडते आहात, तुम्हाला पत समजते. सौद्याला नवा खरेदीदार उभा राहिला आणि म्हणाला, शंभर पोती उचलतो, पैसे पुढच्या महिन्यात, तर तुम्ही माल सोडाल का? आधी विचारणार, हा कुठला, कुणाच्या ओळखीचा, मागचा व्यवहार कसा. जीमेल, याहू, आउटलुक हेच करतात. त्यांच्या दारात पत असते ती आयपी पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या नंबराला, आणि डोमेनला. दुकानाच्या साध्या ब्रॉडबँडचा आयपी सारखा बदलतो. कित्येक ठिकाणी तर एकाच आयपीमागं शेकडो घरं असतात. असे घरगुती आयपी कुठले, त्याची यादी स्पॅमहाउससारख्या संस्था ठेवतात आणि जगभरचे सर्व्हर ती बघून दारातूनच नाही म्हणतात. त्याच्याही आधी, मेल ज्या २५ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे दरवाजातून, बाहेर पडतो ते पोर्टच इंटरनेट कंपन्या पुष्कळदा बंद ठेवतात.

मग कायमचा आयपी भाड्यानं घ्यायचा. त्याला उलटी नोंद लागते, तिला पीटीआर म्हणतात. नावावरून आयपी सापडतो तसं आयपीवरून नाव सापडलं पाहिजे, आणि दोन्ही जुळली पाहिजेत. ही नोंद तुमच्या हातात नसते, ज्यानं आयपी दिला त्यानं करायची. मी केली होती ही हौस. सांगलीच्या गावभागात माझं दुकान होतं तेव्हा सहा वर्षं माझा मेल माझ्याच सर्व्हरवर होता. पीटीआरसाठी इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात गेले, तर काउंटरवरच्या मुलानं तो शब्दच पहिल्यांदा ऐकला. अर्ज केला, फोन केले, अकरा आठवडे गेले. तेवढ्या काळात एका कॉलेजला पाठवलेलं तीस कॉम्प्युटरचं कोटेशन स्पॅममध्ये पडून राहिलं. "ताई, तुमचं काही आलंच नाही, म्हणून दुसऱ्याला दिलं," इतकंच कळलं.

एक भीती मात्र काढून टाका. लाइट गेली म्हणून मेल हरवत नाही. समोरच्याचा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि थांबून थांबून परत प्रयत्न करतो. पोस्टफिक्सची ठरलेली मुदत पाच दिवसांची आहे. लोडशेडिंगला हे पुरतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुरलं नाही. पाणी चढायला लागलं तशी मी मशीन पोटमाळ्यावर नेली. ती वाचली, कोरडी राहिली, पण वीज कुठली! दुकान परत उघडायला अकरा दिवस लागले. पाच दिवसांची मुदत संपेल तसा मला पाठवलेला एकेक मेल "पोचला नाही" असा शेरा घेऊन परत गेला होता. एका जुन्या गिऱ्हाइकानं तर दुकान कायमचं गेलं अशीच समजूत करून घेतली. सहा महिन्यांनी स्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, "अरे, तुम्ही आहात का अजून?" त्यानंतर मी माझा मेल भाड्याच्या जागी नेला.

फुकटचा हिशोबही करून टाकू. जुना डेस्कटॉप ६० वॅट खातो असं धरा. चोवीस तास चालू म्हणजे दिवसाला १.४४ युनिट, वर्षाला सव्वापाचशे युनिट, आणि तेही दुकानाच्या मीटरवर. वर कायमच्या आयपीचं भाडं आणि यूपीएसची बॅटरी. शिवाय मुलाची परीक्षा चालू असताना तुम्ही रात्री अकराला फोन करणार, "अरे मेल जात नाही." तो खर्च कुठल्या खात्यात टाकणार? आणि 'इन्फो' नावाच्या खात्याला कुणी 'हळद१२३' असा पासवर्ड ठेवला, तर एका रात्रीत तुमच्या सर्व्हरवरून औषधांच्या हजारो जाहिराती बाहेर पडतात. सकाळी रांग बघायची कमांड दिली की पडदा थांबायलाच तयार नसतो. हेही मी पाहिलं आहे. आयपी काळ्या यादीत गेला की अर्ज-विनंत्या करून बाहेर काढायचा, आणि तोवर सगळं ठप्प.

पैसे वाचवायचे तर इथं वाचवा. नऊ माणसं आहेत म्हणून नऊ मेलबॉक्स लागत नाहीत. हमाल, तोलार यांना मेल कशाला? तुम्ही, दिवाणजी आणि एक्स्पोर्टचं बघणारा, एवढे तीन बस्स. 'सौदे', 'हिशोब', 'विक्री' असे पत्ते या तिघांनाच टोपणनावं म्हणून जोडता येतात. बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

सर्व्हिस घेतली तरी मेलची एक प्रत महिन्याला वेगळ्या डिस्कवर उतरवून घरी ठेवा. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही की भुंगा नाही, आणि २००५ च्या पुरात पाणी शिरलं. तुम्हाला मी काय सांगणार!

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं सीएनसी जॉबवर्कचं शेड आहे. डोमेन आमचं, मेल नामांकित कंपनीचा, पैसे वेळेवर भरतो. तरी कोटेशनं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जातात. कंपनी म्हणते, आमच्याकडून सगळं ओके आहे.
— एक उद्योजक, कुपवाड

उत्तर : कंपनी खरं बोलते आहे. तुम्ही माझ्या सांगण्यावरून मला जे कोटेशन पाठवलं, ते जीमेलमध्ये उघडून कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबलं आणि 'शो ओरिजिनल' घेतलं. वर लहानसा तक्ता येतो, त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचा निकाल असतो. तुमच्या एसपीएफपुढं 'पर्मएरर', म्हणजे नोंदच चुकीची, असं होतं आणि डीकेआयएमची ओळच नव्हती.

एसपीएफ म्हणजे आमच्या नावानं मेल पाठवायला कुणाकुणाला परवानगी आहे त्याची यादी. ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नोंदवहीत, एका ओळीत लिहितात. तुमच्याकडं अशा दोन ओळी निघाल्या. एक जुन्या वेबसाइटवाल्यानं घातलेली, दुसरी मेल कंपनी घेतली तेव्हाची. नियम एकाच ओळीचा आहे. दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही बाद करतो. दोन कुलमुखत्यारपत्रं पुढं आली की रजिस्ट्रार हात वर करणारच! जुनी ओळ नुसती उडवू नका, कारण तुमची बिलं वेबसाइटच्या सर्व्हरवरून जातात. दोन्हींची नावं एका ओळीत घाला. मात्र ही नावं शोधताना डीएनएसकडं दहापेक्षा जास्त फेऱ्या माराव्या लागल्या तर तीही चूकच धरतात, म्हणून दिसेल ती सर्व्हिस त्यात कोंबू नका.

डीकेआयएम ही मेलवरची सही. मेल कंपनीच्या ॲडमिन पानावर ती चालू करायची, तिथं मिळणारी किल्ली डीएनएसमध्ये चिकटवायची, झालं. डीमार्क म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या आपल्या नावाच्या मेलचं काय करायचं, ते समोरच्याला सांगणारी नोंद. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे कडक केलं आहे. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतात, आणि तुमच्या-माझ्यासारख्याला पहिल्या दोनातलं निदान एक. लहान आहोत म्हणून दोन्हींतून सूट, असं नाही.

आणि अनोळखी गिऱ्हाइकाला पहिल्याच मेलला ड्रॉइंगची झिप फाइल जोडू नका. आधी दोन ओळी लिहा, तो उत्तर देऊ दे.

प्रश्न : मिरजेत आमचं सतार-तंबोऱ्याचं पिढीजात काम आहे. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला आमच्या नावानं मेल गेला, "बँक खातं बदललं आहे, ॲडव्हान्स या नव्या खात्यात भरा." त्यांनी फोन केला म्हणून वाचलो. आमचा मेल हॅक झाला का?
— एक वाद्यकारागीर, मिरज

उत्तर : तीन शक्यता आहेत, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून दुसरी दिसते.

पहिली, नुसतं तुमचं नाव लावलं. पाकिटाच्या मागं 'प्रेषक' म्हणून कुणीही काहीही लिहावं, तसं ई-मेलमध्ये चालतं. मेल पाठवायचे मूळ नियम १९८२ चे, तेव्हा एकमेकांवर अविश्वास ठेवायचं कुणाच्या मनात नव्हतं. याला डीमार्क अडवतो. दुसरी, एका अक्षराचा फरक असलेलं डोमेन. फोटोत तुमच्या डोमेनमधल्या 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' जवळजवळ लिहिले आहेत. मोबाइलवर मला चष्मा लावूनही ते 'एम'च वाटले. इथं डीमार्कचा काही उपयोग नाही, कारण ते डोमेन चोराचं स्वतःचं आहे आणि त्यावर सगळं रीतसर असतं. तिसरी, खरंच कुणीतरी आत बसलं आहे. चोराला ॲडव्हान्सची रक्कम अचूक माहीत होती, म्हणून तीही सोडून देऊ नका. मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. अनोळखी पत्त्यावर प्रत जात असेल तर पासवर्ड बदलून भागणार नाही, ती वाट आधी बंद करा. मग दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा.

गिऱ्हाइकाला आजच कळवा की खातं बदललं तर आम्ही फोनवर सांगू, मेलवर कधीच नाही. आणि पुढंमागं कुणाचे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवलं तरच काही हाती लागतं.

आणखी एक. फोटोबरोबर माझ्या सोयीसाठी म्हणून तुम्ही मेलचा पासवर्डही लिहून पाठवला आहे. तो चिठोरा मी फाडून टाकला. आज रात्रीच बदला.