विद्यार्थ्यांना लिनक्स आणि लिब्रेऑफिसच्या डीव्हीडी वाटण्यात तोटे काय?

सर्वांत मोठा तोटा हा, की बहुतेक विद्यार्थ्यांना ती डिस्क वापरताच येणार नाही; गेल्या काही वर्षांतल्या जवळजवळ कुठल्याच लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. दुसरी अडचण जागेची. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात आणि उबंटू या लिनक्स डिस्ट्रोच्या (तयार संचाच्या) २४.०४ आवृत्तीची डेस्कटॉप आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) त्याहून मोठी आहे. शिवाय डिस्क लिहिली त्या दिवसापासून शिळी होत जाते: इन्स्टॉल झाल्यावर शेकडो एमबींचे सुरक्षा अपडेट उतरवावेच लागतात, म्हणजे इंटरनेट वाचलं असं होत नाही. घाईत, जास्त वेगाने लिहिलेल्या स्वस्त डिस्क अर्ध्या इन्स्टॉलमध्ये रीड एरर देतात, आणि मुलांना वाटतं लिनक्सच खराब आहे. लिहायच्याच असतील तर वेग ४एक्स ठेवा, व्हेरिफाय चालू ठेवा, आधी आयएसओचा शा-२५६ चेकसम (फाइल बिघडलेली नाही हे दाखवणारा आकडा) ताडून पाहा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. जीपीएल या मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर (लिनक्समध्ये ते असतंच) डिस्कवर वाटताना सोर्स कोड सोबत द्यावा लागतो, किंवा तो किमान ३ वर्षं देण्याची लेखी तयारी दाखवावी लागते. फुकट वाटलं तरी ही अट सुटत नाही.

त्यापेक्षा १६ जीबीच्या दोन-चार पेनड्राइव्हवर व्हेंटॉय हे आयएसओ थेट बूट करणारं साधन टाका (आधीचा डेटा पुसला जातो), आयएसओ नुसत्या कॉपी करा आणि वर्गात फिरवा. मात्र लॅबमधले जुने संगणक यूएसबीवरून बूट होतच नसतील, तर तेवढ्यापुरती डिस्क बरी. तिथे हलकं, लहान आयएसओचं डिस्ट्रो निवडा.